जुन्या मशीनवर शिकलेलं आर्गन वेल्डिंग

(कष्टकरी स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला भाषणाची सवय नाही. दिवसभर ग्राइंडरच्या आवाजात असते, त्यामुळे मी जरा मोठ्यानंच बोलते, ते सांभाळून घ्या. संयोजक ताईंनी मला विषय दिला होता, ‘अपारंपरिक क्षेत्रातील स्त्रिया’. मी म्हटलं, एवढा मोठा शब्द मला पेलायचा नाही. मी काय काम करते, ते कसं शिकले आणि त्याला पैसे किती लागले, एवढं सांगते. कारण आजवर मी ज्या ज्या सभांना गेले तिथं बायकांनी पुढं यावं हे सगळ्यांनी सांगितलं. पुढं यायचं म्हणजे मशीन कुठनं आणायचं, हे कुणी सांगितलं नाही.

मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे दुधाचा धंदा मोठा, साखर कारखाने मोठे. दूध जिथं जातं तिथं टाकी, पाइप, व्हॉल्व्ह सगळं स्टेनलेस स्टीलचं लागतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, सगळीकडे हे बनवणारी लहान लहान वर्कशॉपं आहेत. या स्टीलला जोड द्यायचा तर साधं कांडीचं वेल्डिंग फार चालत नाही. त्याला आर्गन लागतं. पुस्तकात त्याला टिग म्हणतात, म्हणजे टंगस्टन इनर्ट गॅस. आम्ही नुसतं आर्गन म्हणतो.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. एका हातात टॉर्च. त्याच्या टोकाला टंगस्टनची टोकदार सळई, पेन्सिलीच्या शिशासारखी. टंगस्टन वितळायला ३४०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते, म्हणून ती सळई स्वतः जळत नाही, नुसता आर्क धरून ठेवते. टॉर्चमधून आर्गन वायू बाहेर पडतो आणि वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखा बसतो. हवा लागली की स्टील काळं पडतं, भोकं पडतात. दुसऱ्या हातात फिलरची बारीक तार. ती थेंब थेंब घालायची. ठिणग्या जवळजवळ उडत नाहीत, आवाज कमी, आणि जोड असा येतो की त्यावर बोट फिरवलं तरी खरखर लागत नाही.

हे तंत्र १९४१च्या सुमाराला अमेरिकेत विमानाच्या कारखान्यात निघालं. रसेल मेरेडिथ नावाच्या माणसानं ते मॅग्नेशियम जोडायला काढलं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं, पुरुष लढाईवर होते, आणि कॅलिफोर्नियात रिचमंडच्या जहाजाच्या गोद्यांत हजारो बायका वेल्डिंग करत होत्या. ते कांडीचं वेल्डिंग होतं, पण वेल्डिंगच. १९४५ला लढाई संपली आणि त्यातल्या बहुतेकींना घरी पाठवलं. म्हणजे बाईला हे काम जमतं की नाही हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. तरी मला अजून महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, “वहिनी, जमतंय का?”

आता माझं. २०१३ ते २०१९ मी एका वर्कशॉपात हेल्पर होते. नाव सांगत नाही, कारण अशी वर्कशॉपं शेकड्यानं आहेत आणि सगळीकडे एकच रीत. बायकांनी काय करायचं? पत्रा पुसायचा, जोड झाल्यावर घासायचा, बफिंग करायचं, झाडायचं, चहा आणायचा. बफिंगचं काम सोपं नाही. दिवसभर चाकाची धूळ नाकात, मनगटं रात्री भरून येतात. पण ते ‘हेल्परचं’ काम. टॉर्च धरणारा तो मिस्त्री. मी होते तिथं मिस्त्रीला माझ्या दुप्पट हजेरी मिळायची, वर ओव्हरटाइम.

१९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. सारखं किंवा त्याच प्रकारचं काम असेल तर बाईला आणि पुरुषाला सारखा पगार, असं त्यात आहे. नंतर तेच वेतन संहितेत घेतलं. चांगला कायदा आहे. मी तो शिबिरातच वाचला. पण त्याला बगल द्यायला मालकाला कायदा मोडावाच लागत नाही. बाईला ते काम करूच दिलं नाही की झालं. सारखं कामच नाही, मग सारखा पगार कुठला? टॉर्च हातात येत नाही तोवर तो कायदा आमच्यासाठी कागदावरच.

आणि टॉर्च हातात यायचा कसा? हे काम बघून शिकता येत नाही. हाताला सवय लागावी लागते आणि सवय लागायला मशीनवर तास घालवावे लागतात. वर्कशॉपात पोरगा हेल्पर असला तर जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री त्याला म्हणतो, “ये रे, दोन टॅक मारून बघ.” बाईला असं कुणी बोलवत नाही. बोलावलं तर चर्चा होते. आयटीआयचा रस्ता आहे. वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा आहे, आठवी पास लागतं, मुलींसाठी जागाही राखीव असतात. इथं तरण्या मुली बसल्यात त्यांनी तो रस्ता जरूर धरावा. पण चौतिसाव्या वर्षी, दोन पोरं आणि आजारी सासू घरात असताना, रोजची हजेरी बुडवून वर्षभर बाकावर बसणं मला शक्य नव्हतं.

मग २०१९चा ऑगस्ट आला. महापूर. आमचं वर्कशॉप दोन आठवडे बंद राहिलं, मग मालकानं निम्मी माणसं कमी केली. निम्म्यात आधी कोण जातं ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही चौघी घरी बसलो. आणि त्याच दिवाळीपर्यंत बाजारात जुन्या मशीनांचा ढीग लागला. काही पुरात बुडालेल्या, काही धंदा गुंडाळलेल्यांच्या. आमच्या बचत गटाचे पैसे होते. माझी जाऊ म्हणाली, “शिलाई मशीन घेऊ.” मी म्हटलं, गल्लीत शिलाई मशीनं अकरा आहेत. आर्गनचं एक नाही.

आम्हाला एक चाचा भेटले. तीस वर्षं वेल्डिंग केलेले, नजर अधू झालेली. त्यांनी आमच्याकडून शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, “मशीन मी बघितल्याशिवाय घेऊ नका.” त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते, कारण यातच माणूस फसतो.

पहिली गोष्ट, पुराचं मशीन. जुनं ट्रान्सफॉर्मरचं जड मशीन, आत नुसती तांब्याची गुंडाळी आणि लोखंड. ते बुडालं तरी धुऊन, नीट वाळवून, मेगरवर इन्सुलेशन तपासून वाचू शकतं. पण इन्व्हर्टर मशीन, जे एका हातानं उचलतं, त्याच्या आत सर्किटच्या पट्ट्या असतात. त्यात गाळ शिरला की ते आज चालेल आणि महिन्याभरात बंद पडेल. विकणारा ते धुऊन पुसून ठेवतो. म्हणून झाकण उघडायला लावायचं. स्क्रूच्या खाचेत, पंख्याच्या मागं, कोपऱ्यात माती सापडते. कपॅसिटर फुगलेला आहे का बघायचं. जळका वास येतो का बघायचं. पण प्लग काढल्याबरोबर आत बोट घालायचं नाही, कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो.

दुसरं, मशीन चालवून घ्यायचं. विक्रेता एक ठिणगी काढून दाखवतो आणि म्हणतो चालू आहे. तसं नाही. ८० अँपिअरवर ठेवून दहा मिनिटं काम करायचं. पंखा फिरतो का, मधेच बंद पडतं का, आणि क्लॅम्प मीटर लावून खरोखर ८० येतात का. जो एवढं करू देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

तिसरं, आर्गनचं म्हणून वेगळं मशीन घ्यायलाच पाहिजे असं नाही. ही खरी पैसे वाचवणारी गोष्ट. कांडीचं साधं डीसी इन्व्हर्टर मशीन असेल तर त्याला व्हॉल्व्हवाला टॉर्च जोडता येतो. १७ नंबरचा टॉर्च, त्याच्या मुठीवरच गॅसची चावी. टॉर्च मशीनच्या उणे टोकाला, अर्थचा चिमटा अधिक टोकाला. उलटं लावलं तर टंगस्टनचं टोक वितळून गोळा होतो. स्टील आणि स्टेनलेस स्टील दोन्ही यावर होतं. अ‍ॅल्युमिनियम होत नाही, त्याला एसी लागतो, ते मशीन महाग.

आमचा खर्च सांगते. २०१९च्या भावानं. मशीन ५,५०० रुपये, २०० अँपिअरचं, धंदा बंद केलेल्या एका माणसाचं. टॉर्च नवा घेतला, १,६००. रेग्युलेटर फ्लोमीटरसकट जुना, १,५००. सिलिंडरचं डिपॉझिट ५,०००, त्यातला गॅस ९००. आपोआप काळी होणाऱ्या काचेचं हेल्मेट १,३००. टंगस्टन आणि हातमोजे ८००. सगळे मिळून १६,६००. चौघींत प्रत्येकी ४,१५०. एवढ्यात आम्ही वेल्डिंगच्या धंद्यात उतरलो नाही, एवढ्यात आम्ही शिकायला सुरुवात केली. हा फरक लक्षात ठेवा.

सिलिंडरच्या बाबतीत मात्र स्वस्ताच्या नादी लागू नका. बाजारात कुणीतरी सिलिंडर निम्म्या किमतीत देतो. तो कुठल्यातरी गॅस कंपनीचा असतो, त्यावर शिक्का असतो, आणि भरायला नेला की अडकवून ठेवतात. शिवाय त्याची दाबाची तपासणी ठरलेल्या मुदतीत झालेली असावी लागते, ती तारीख मानेवर कोरलेली असते. आत १५० बारचा दाब असतो. हा सिलिंडर आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला तर तो भिंत फोडून जातो. भिंतीला साखळीनं बांधायचा, दुसरं काही नाही. आणि मागताना शुद्ध आर्गन मागायचा. मिक्स गॅस म्हणून जो देतात त्यात कार्बन डाय-ऑक्साइड असतो, तो टंगस्टनला खातो.

विजेची भीती घालतात लोक. पण पातळ पत्र्याला ७०-८० अँपिअर पुरतात आणि आर्गनचा आर्क कमी व्होल्टेजवर चालतो. घरातल्या साध्या गीझरपेक्षा जास्त वीज ओढत नाही. १६ अँपिअरचा चांगला प्लग आणि नीट अर्थिंग पाहिजे. ज्या दिवशी गिऱ्हाइकाचं काम घ्याल त्या दिवशी मात्र धंद्याचं कनेक्शन घ्या.

शिकणं सुरू झालं ते गॅस बंद, मशीन बंद. चाचा म्हणाले, “आधी हात चालवा.” पंधरा दिवस आम्ही ओट्यावर पट्टी ठेवून नुसता थंड टॉर्च फिरवला. टंगस्टनचं टोक पट्टीपासून दीड-दोन मिलिमीटरवर, ना लांब ना जवळ, टॉर्च किंचित मागं झुकलेला, आणि हात पुढं पुढं. मनगट कुठंतरी टेकवायचं. टेकवलं नाही तर श्वासानंसुद्धा टोक हलतं. माझी सासू बघायची आणि म्हणायची, “ह्या बायका काय इस्त्री करतात का काय.”

मग आर्क पेटवला, पण तार नाही. नुसतं भंगारातल्या स्टेनलेस पट्टीवर धातूचं डबकं करायचं आणि ते सरळ रेषेत न्यायचं. सगळ्यांची नजर आर्ककडे जाते, कारण ते चमकतं. बघायचं डबक्याकडे. त्याची रुंदी सारखी राहिली पाहिजे. रुंद होत चाललं तर हात सावकाश चाललाय. आणि टंगस्टन डबक्यात बुडतो. बुडणारच. बुडाला की काढायचा, पुन्हा टोक घासायचं, लांबीच्या दिशेनं, गोल गोल नाही. पहिल्या महिन्यात आम्ही वेल्डिंगपेक्षा टोकंच जास्त घासली.

आमच्या मशीनला आपोआप पेटायची सोय नव्हती, घासून पेटवावं लागायचं. जोडावरच घासलं तर टंगस्टनचा कण तिथं राहतो. म्हणून शेजारी तांब्याचा एक तुकडा ठेवायचा, त्यावर पेटवायचं आणि आर्क उचलून जोडावर आणायचा. थांबवताना जागेवरून टॉर्च उचलला तर खड्डा पडतो, त्यात भेग जाते. हात जरा भराभर नेऊन डबकं लहान करायचं, मग आर्क तोडायचा, आणि टॉर्च लगेच परत तिथंच आणून गॅस दोन-चार-पाच सेकंद चालू ठेवायचा, लाल धातू थंड होईपर्यंत. महाग मशीन हे सगळं बटणावर करतं. आम्ही हातानं केलं, म्हणून पुढं महाग मशीन मिळालं तेव्हा ते काय करतंय ते आम्हाला कळलं.

गॅसचा हिशेब बायकांनाच जमावा असा आहे. ७ घनमीटरचा सिलिंडर म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला ८ लिटर लावला तर ८७५ मिनिटं, म्हणजे साडेचौदा तास. चौघींना रोज पाव-पाव तास आर्क दिला की दोन आठवडे. त्यात पंखा लावता येत नाही, वाऱ्यानं गॅस उडतो. मार्च महिन्यात बंद खोलीत, पंखा बंद, अंगात जाड कपडे. तिसऱ्या सिलिंडरला एक जण सोडून गेली. तिच्या नवऱ्याला हे पटत नव्हतं, आणि रोज भांडून येणं तिला झेपत नव्हतं. तिचे ४,१५० आम्ही परत केले. ती आता दुसरीकडे बफिंग करते. तिचा हात आमच्या तिघींपेक्षा चांगला होता, हे मी तिच्या नवऱ्यासमोरही म्हटलेलं आहे.

हात चांगला म्हटलं म्हणून एक सांगते. पुष्कळ लोक, चांगले लोकसुद्धा, म्हणतात, “बायकांचा हात मुळातच नाजूक, हे काम त्यांना निसर्गानंच दिलंय.” ऐकायला गोड वाटतं. पण निसर्गानं दिलेल्या गोष्टीचे कुणी पैसे देत नाही. १९८१ साली डायन एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोघींनी इलेक्ट्रॉनिक्स आणि कपड्यांच्या कारखान्यांवर याच विषयावर लिहिलं. मुलींची बोटं चपळ म्हणून कामाला घेतात, आणि ती चपळाई घरात वर्षानुवर्षं शिकून आलेली असते म्हणून तिला कौशल्य धरतच नाहीत. आमचा हात नाजूक नव्हता. तो पंधरा दिवस थंड टॉर्च आणि तीन सिलिंडर गॅस जाळून तयार झाला. बिल लावताना मी हेच सांगते.

आता बांगड्या आणि मंगळसूत्र. हसू नका, यावर आमच्याकडे वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ गेला. करंटच्या कामात अंगावर धातू नको. अंगठी किंवा सोन्याची बांगडी तारेच्या आणि अर्थच्या मधे आली तर क्षणात तापते, बोट जातं. काचेच्या बांगड्यांवर हातमोजा चढत नाही. तेव्हा काढायच्या. आमच्यातल्या एकीच्या आईनं दोन दिवस अन्न सोडलं. शेवटी आम्ही असं ठरवलं की कामाच्या जागी खिळ्याला पिशवी लावायची, येताना त्यात घालायचं, जाताना पुन्हा अंगावर. ज्या बाईला ते कायमचं काढायचं असेल तिनं काढावं, तो तिचा प्रश्न. पण आर्क पेटलेला असताना गळ्यात नाही, यावर चर्चा नाही.

पदर आणि ओढणीचंही तेच. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. सुती पाहिजे आणि जाड पाहिजे, कारण आर्कचा अतिनील प्रकाश पातळ कापडातून आत जातो आणि स्टेनलेसच्या पत्र्यावरून परत उसळून हनुवटीखाली लागतो. गळा उन्हात भाजल्यासारखा होतो. आम्ही नवऱ्यांच्या जुन्या जीनच्या पँटी उसवून जाकिटं शिवली, बंद गळ्याची. शिलाई मशीन अखेर कामाला आलंच. हातमोजे मात्र बाजारात पुरुषांच्याच मापाचे मिळतात. मोठ्या मोज्यात बारीक तार सरकवता येत नाही. पातळ बकरीच्या कातड्याचे लहान माप मागत राहा, दुकानदार दहा वेळा नाही म्हणाला की अकराव्यांदा आणतो.

डोळ्यांचं सांगायलाच पाहिजे. उघड्या डोळ्यानं आर्क बघितला तर त्या वेळी काही होत नाही. सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं. आमच्याकडे बटाट्याच्या फोडी ठेवतात. ठेवा, थंड वाटतं, पण सकाळी डॉक्टरकडे जा. आणि ज्या घरात पोरं खेळतात त्या खोलीत आर्क पेटवायचा नाही, मधे जाड पडदा पाहिजे.

धुराबद्दल दोन शब्द. आर्गनला धूर कमी दिसतो म्हणून लोक बेफिकीर राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, त्याचा धूर वाईट. लाल टोकाचा टंगस्टन स्वस्त मिळतो, त्यात थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे आणि घासताना त्याची धूळ नाकात जाते. सोनेरी किंवा निळ्या टोकाचा, लँथेनमचा घ्या. थोडे पैसे जास्त जातील. पत्रा पुसायला ट्राय नावाचं जे द्रावण वापरतात, ट्रायक्लोरोएथिलीन, ते आर्कजवळ अजिबात नको, त्यातून विषारी वायू होतो. पोटुशी बाई असेल तर तिनं डॉक्टरांना कामाची पूर्ण माहिती द्यावी. पण ‘पोटुशी होशील म्हणून टॉर्च नको’ असं म्हणणारा मालक तिला त्याच धुरात बफिंगला उभी करतो, तेव्हा त्याला काही वाटत नाही. धूर ओढणारा पंखा लावा, तो पुरुषांच्या फुप्फुसालाही लागतोच.

आणि टाकी. हे मी मुद्दाम सावकाश सांगते. दुधाच्या टाकीच्या आत उतरून जोड द्यावा लागतो. आर्गन हवेपेक्षा जड, त्याला वास नाही, रंग नाही. तो टाकीच्या तळाशी साचतो. आत उतरलेल्या माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, दोन-चार श्वासांत तो खाली पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. आमचा नियम असा की टाकीत एकटीनं उतरायचं नाही. वर एक बाई, तिनं दुसरं काही काम करायचं नाही, कमरेचा दोर तिच्या हातात, ब्लोअर सतत चालू, टॉर्च बाहेर काढल्याशिवाय जेवायला जायचं नाही. घाईच्या गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो, दोघींची हजेरी लागेल. दोन कामं यामुळे गेली आहेत. जाऊ देत.

धंदा कसा सुरू झाला ते फार नाही सांगत, ते सगळ्यांचं सारखंच असतं. जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, “बायका आणि गॅसचा सिलिंडर” म्हणून. शेवटी एका गॅरेजवाल्यानं मागची शेड दिली. २०२० साली टाळेबंदी. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनसाठी आर्गनचे टँकर आणि सिलिंडर वळवले गेले, गॅस मिळेना. ते बरोबरच होतं, माणसं मरत होती. त्या दोन महिन्यांत आम्ही पुन्हा थंड टॉर्च फिरवला आणि कांडीच्या वेल्डिंगवर खिडक्यांच्या जाळ्या केल्या.

पहिलं खरं काम म्हणजे एका दूध संकलन केंद्राच्या पाइपांचे जोड. पाइपाला बाहेरून सोनेरी शिवण आली म्हणून भागत नाही. आतल्या बाजूला हवा लागली तर धातू जळक्या साखरेसारखा खडबडीत होतो, त्या खाचांत दूध अडकतं, नासतं, आणि धुऊनही निघत नाही. म्हणून दोन्ही तोंडं बंद करून आतूनही आर्गन सोडावा लागतो. गिऱ्हाइकाचा इंजिनियर आला. त्यानं तिघींकडे बघितलं आणि विचारलं, “मिस्त्री कुठं आहेत?” माझ्या जावेनं एक जोड करवतीनं मधोमध कापला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं आतून बोट फिरवलं. मग त्यानं भाव विचारला. आम्ही बाजारात मिस्त्री जो भाव लावतो तोच सांगितला. तो म्हणाला, “बायकांचं थोडं कमी असेल असं वाटलं होतं.” पाच मिनिटं गप्प बसलो आम्ही तिघी. ठरवून नाही, कुणाला काय बोलावं सुचलं नाही. मग त्यानं तोच भाव मान्य केला.

आता आमच्याकडे दोन मशीनं आहेत, दुसरंही जुनंच. पहिलं, ५,५००चं, आम्ही विकलेलं नाही. ते शिकणाऱ्या मुलींसाठी ठेवलंय. सध्या दोघी येतात. त्यांना आम्ही पाव तास मोजून देतो आणि गॅसचे पैसे गटातून जातात. तिसरीला जागा आहे. फक्त ती आधी बफिंगला आणि मग टॉर्चला, असं होणार नाही. पहिल्या दिवसापासून टॉर्च, आणि झाडू सगळ्या मिळून.

बाहेर पडवीत टेबलावर टॉर्च, पट्ट्या आणि तांब्याचा तुकडा ठेवलाय. गॅस नाही, वीज नाही. चहाच्या वेळात ज्यांना हात फिरवून बघायचाय त्यांनी या, पण मनगट टेकवा. एक कापलेला पाइपही ठेवलाय, आतून बोट फिरवून बघा. आणि कुणाला जुनं मशीन घ्यायचं असेल तर घेण्याआधी मला निरोप द्या. रविवारी मला वेळ असतो, मी येऊन झाकण उघडून बघीन.